तीन नळ्या आणि अर्धी शीळ

अवकाशातून परत आलेल्या माणसाला जंगलात अस्वलाने खाऊ नये, म्हणून सरकारने एक खास बंदूक करून घेतली होती. तीन नळ्यांची. वरच्या दोन नळ्यांत छऱ्याची किंवा लाल उजेडाची काडतुसं घालायची, खालच्या एका नळीत गोळी. तिचा दस्ता सोडवला की तो कोयता म्हणून वापरता यायचा. सरकारने इतका बारकाईने विचार एरवी कुणाच्या जिवाचा केल्याचं ऐकिवात नाही.

ही बंदूक यानातल्या एका पत्र्याच्या पेटीत असायची, खुर्च्यांच्या मागे. सोबत साखर, काड्यापेट्या, मासे धरायचे गळ, होकायंत्र आणि गरम मोजे. अस्वलाचा योग कुणाला फारसा यायचा नाही. यान बहुतेक वेळा गवताळ माळावर उतरायचं आणि लोक हारतुरे घेऊन उभे असायचे. मग एक समारंभ व्हायचा आणि त्यात ती बंदूक कमांडरला आठवण म्हणून भेट द्यायचे. टाळ्या व्हायच्या. सोबतच्या इंजिनिअरशी हस्तांदोलन करायचे.

तिखोन लुकिच पेस्तोव हा असा हस्तांदोलनवाला इंजिनिअर होता. त्याला बंदुकांचं वेड नव्हतं, शिकारीचं तर नाहीच. पण ती बंदूक त्याला एका दिवसासाठी हवी होती. म्हाताऱ्यासाठी.

त्याचा म्हातारा, लुका येर्मोलायेविच, तुला शहरात राहायचा. उभी हयात त्याने तिथल्या बंदुकीच्या कारखान्यात नळ्या घासण्यात घालवली. ही तीन नळ्यांची बंदूक त्याच आवारात, दोन भिंती पलीकडे, बंद खात्यात तयार झाली आणि म्हाताऱ्याला कुणी पत्ता लागू दिला नाही. त्याला ते कळलं पोराकडून, स्वयंपाकघरात बटाटे सोलताना. सोलायची सुरी त्याने खाली ठेवली.

"माझ्या नाकासमोर!" म्हातारा म्हणाला. "माझ्या! आणि मी काय तिकडे जाऊन अमेरिकेला सांगणार होतो?"

"बाबा, गुप्त काम होतं ते."

"गुप्त म्हणे! आणि तीन नळ्या कशाला रे? दोन नळ्यांत ज्याला अस्वल मारता येत नाही, त्याला अस्वलाने खाल्लेलं काय वाईट?"

आठवडाभर म्हातारा फुगून बसला. पोरगा उड्डाणाला निघाला तेव्हा मात्र दारापर्यंत आला, आणि त्याच्या कोटाचं बटण उगाचच नीट करत म्हणाला, "तिशा, एकदा माझ्या हातात दे ती. दुसरं काही नको मला. हातात घेतो, नळीतून बघतो आणि सांगतो तुला, नीट केलीय की वाट लावलीय."

"देतो," तिखोन म्हणाला होता.

आता ही गोष्ट काही अवघड नव्हती. बंदूक मिळणार होती कमांडरला, आणि कमांडर होता रोदिओन सावेल्येविच क्रुतिखिन, म्हणजे रोद्या. दोघं वर्षानुवर्षं एकत्र शिकलेले. दलदलीत एका तंबूत झोपलेले, एका डब्यातून खाल्लेले. रोद्याला फक्त म्हणायचं, 'एक दिवस दे रे, म्हाताऱ्याला दाखवून आणतो.' खाली उतरायच्या दिवशी विचारू, असं तिखोनने ठरवून टाकलं होतं.

आणि मग ते शिळेचं प्रकरण झालं.

वर अवकाशस्थानकात तिखोन काम करता करता शीळ घालायचा. एकच चाल, तीही अर्धी. ओळ वर चढायची आणि मध्येच तुटायची. पुन्हा पहिल्यापासून. कबुतरांना खाली बोलवायला म्हातारा ही शीळ घालायचा, पोरानेही तीच उचलली. आपण शीळ घालतोय हे तिखोनला कळायचंसुद्धा नाही. रोदिओन सुरुवातीला हसून न्यायचा. म्हणायचा, "घरात शीळ घातली की पैसा जातो, ठाऊक आहे ना?" तिखोन म्हणायचा, "इथे कुठे आहे पैसा?" आणि दोघं जेवायला बसायचे, म्हणजे तरंगायचे.

जानेवारी संपता संपता एक दिवस रोदिओन खालच्यांशी बराच वेळ बोलत होता. कानाला यंत्र लावून, एकटाच. तिखोन पंखा दुरुस्त करत होता आणि अर्थातच शीळ घालत होता. रोदिओनने यंत्र काढलं, वळला, आणि असा ओरडला की तिखोनच्या हातून पेचकस सुटून भिंतीपर्यंत तरंगत गेला.

"बंद कर ते! पुन्हा ती शीळ ऐकू आली ना, तर मागची पेटी उघडीन मी!"

मागची पेटी म्हणजे काय, हे त्या दोन माणसांच्या जगात वेगळं सांगायला नको होतं.

तिखोनने शीळ बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वाटलं, आता हा येईल, खांद्यावर थाप मारील, चुकलं म्हणेल. रोदिओन आला आणि म्हणाला, "सुप्रभात, तिखोन लुकिच. आपल्याला आधी नाश्ता करायचाय का?"

अहो-जाहो! ज्या माणसाने दलदलीत ह्याच्या पायाच्या जळवा काढल्या होत्या, तो आता 'आपल्याला' म्हणत होता. तिखोनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोही तुला शहरचा, म्हाताऱ्यासारखाच फुगणारा. तो म्हणाला, "आधी आपण घ्या, रोदिओन सावेल्येविच." आणि तिथून पुढे दोन महिने हेच. 'कृपा करून चमचा द्याल का.' 'आभारी आहे.' 'आपली हरकत नसेल तर मी खिडकीजवळ बसतो.' बाकी एक शब्द नाही.

तिखोनने पुष्कळ विचार केला. चिडणारा माणूस ओरडतो आणि मोकळा होतो, तेवढं त्याला कळत होतं. पण ओरडून झाल्यावर जो चमच्या-चमच्याला आभार मानायला लागतो, त्याचं काही खरं नाही. रात्री डोळा लागायचा नाही. त्यातून रोदिओन त्याच्याकडे बघायचा आणि ह्याने पाहिलं की नजर फिरवायचा. शेवटी त्या पहिल्याच आठवड्यात एकदा रोदिओन खालच्यांशी बोलण्यात गुंतलेला असताना तिखोन गुपचूप स्थानकाला जोडलेल्या यानात शिरला, पेटी उघडली, काडतुसांची पिशवी काढली आणि एका लोकरी मोज्यात भरून व्यायामाला धावायच्या पट्ट्यामागे दडवली. बंदुकीला हात लावला नाही. रिकाम्या बंदुकीला घाबरायला तो काही मूर्ख नव्हता.

इकडे जमिनीवरचे मानसतज्ज्ञ मात्र खूश होते. त्यांचं काम म्हणजे वरच्या दोघांचं बोलणं ऐकून कोण कुणाच्या जिवावर उठलंय का ते बघायचं. त्यांनी नोंदवलं की दोन महिन्यांत या जोडीत एकदाही आवाज चढला नाही, प्रत्येक वाक्य सभ्य आहे, असा मनमिळाऊ संघ आजवर झाला नाही. पुढच्यांना शिकवताना यांचं संभाषण ऐकवावं, अशी शिफारसही केली.

काडतुसं शेवटच्या दिवशी परत पेटीत ठेवायची, असा तिखोनचा बेत होता. पण शेवटच्या दिवशी रोदिओन त्या यानातून हलेना. हे आवर, ते बांध, याचा पट्टा घट्ट कर. तिखोन डोकावला की हा तिथेच. तिखोन हटला की रोदिओन मान वळवून बघायचा, तो गेला का म्हणून. शेवटी निघायची वेळ झाली आणि तो मोजा तिखोनने पोशाखाच्या पोटरीवरच्या खिशात कोंबला. उतरल्यावर गर्दीत बघू काहीतरी, असं म्हणून खुर्चीत आडवा झाला.

गर्दी झालीच नाही. उतरताना यंत्रणेत काहीतरी बिनसलं, यान ठरल्यापेक्षा उभं घुसलं, आणि दोघांच्या छातीवर जणू घोडे बसले. तिखोनच्या पोटरीत एकेक काडतूस रुतत होतं. शेजारून रोदिओनचं कण्हणं ऐकू येत होतं. एवढा दणकट माणूस, पण अगदी बाळंतिणीसारखा कण्हत होता. मग हवाई छत्रीचा हिसका, मग दणका, मग यान कुशीवर लवंडलं आणि सगळं शांत झालं.

"आपण ठीक आहात ना, तिखोन लुकिच?"

"ठीक आहे. आपण?"

"बरगडीला काहीतरी झालंय. विशेष नाही."

दार उघडलं तर बाहेर माळ नाही, हारतुरे नाहीत. देवदारांचं जंगल, मांडीपर्यंत बर्फ आणि वर फांद्यांत अडकलेलं छत्रीचं कापड. उरल पर्वताच्या अलीकडे कुठेतरी येऊन पडले होते. सहा महिने वजन नव्हतं, त्यामुळे पाय होते पण नावाला. दोघं रांगत बाहेर आले, छत्रीचं कापड ओढून त्यावर बसले आणि यानाला पाठ टेकून धापा टाकत राहिले. हवा इतकी गोड होती की तिखोनला घटकाभर सगळ्याचा विसर पडला. त्याने हातमोजा काढला, डोळ्यांसमोर हवेत ठेवला आणि घाम पुसला. हातमोजा बर्फात पडला. तो बघतच राहिला. वरती वस्तू जिथे सोडली तिथे राहायची. इथे राहत नाही, हे डोक्याला ठाऊक होतं, हाताला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

रोदिओनने रेडिओ लावला. खरखरीतून एका विमानाचा आवाज आला. तुमचा अंदाज लागलाय, हेलिकॉप्टर अंधार पडायच्या आत येईल, फांद्यांमुळे वरून दिसणार नाही, पंख्याचा आवाज आला की लाल उजेड उडवा.

"कळलं," रोदिओन म्हणाला. त्याने बोलायचं यंत्र हवेत ठेवलं. ते त्याच्या पायावर पडलं. दोघांनी न पाहिल्यासारखं केलं.

लाल उजेड म्हणजे काडतूस. काडतूस म्हणजे बंदूक. बंदूक म्हणजे पेटी. 

"मी पेटी काढतो," तो घाईघाईने म्हणाला. "आपण बसा. आपल्या बरगडीला लागलंय."

"छे छे, आपण कशाला? मी काढतो. कमांडरचं काम आहे ते."

"अहो, पण आपल्याला वाकता येत नाही."

"येतं. हे बघा." रोदिओन वाकला आणि पांढराफटक पडला.

"दिसलं. बसा आपण."

"तिखोन लुकिच, पेटीला हात लावू नका. हा हुकूम आहे."

हुकूम म्हटल्यावर काय? तिखोन बसला. मोज्यातून काडतुसं काढून पेटीत सारायला त्याला डोळा मिटण्याइतका वेळ पुरला असता, पण तेवढाही एकांत मिळेना. गंमत म्हणजे पेटीसाठी एवढा हटून बसलेला रोदिओनही ती काढायला उठत नव्हता. दोघंही त्या उघड्या दाराकडे बघत बसले, पाहुणे जावेत म्हणून घड्याळाकडे बघावं तसे.

आणि तेवढ्यात झाडांतून अस्वल आलं.

मोठं होतं. हिवाळाभर झोपून उठलेलं, अंगावरची कातडी सैल, चेहरा वैतागलेला. आकाशातून काहीतरी धाडकन पडल्यामुळे त्याची झोप मोडली असावी आणि ते विचारायला आलं असावं. ते थांबलं आणि नाक वर करून वास घेऊ लागलं.

"अस्वल," रोदिओन हळूच म्हणाला.

"दिसतंय मला."

"बंदूक काढा."

"मी? आपण हुकूम दिलाय, हात लावू नका म्हणून."

"हुकूम मागे घेतला. काढा."

"कमांडरचं काम आहे ते."

"तिखोन लुकिच!"

"आपणच काढा ना!"

अस्वल चार पावलं पुढे आलं. तिखोनने दात ओठ खात दारातून आत हात घातला, पेटी ओढली आणि झाकण उघडलं. साखर होती. काड्यापेट्या होत्या. गळ, होकायंत्र, सुटा ठेवलेला दस्त्याचा कोयता, गरम मोजे, सगळं जागच्या जागी. काडतुसं नव्हती, ते त्याला ठाऊकच होतं. पण बंदूकही नव्हती. कापडी म्यान सपाट पडलं होतं.

"बंदूक नाही!" तिखोन किंचाळला.

"हळू बोला. ठाऊक आहे मला." रोदिओनने पोशाखाची चेन खाली ओढली, कण्हत कण्हत आत हात घातला आणि पोटाजवळून तीन नळ्यांची बंदूक बाहेर काढली. "माझ्याकडे आहे. उतरताना तीच रुतली बरगडीत. आता काडतुसं द्या लवकर. पेटीत बघा, डाव्या बाजूला."

"तिथे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

तिखोनने पोटरीवरचा खिसा उघडला, लोकरी मोजा काढला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. आतली काडतुसं वाजली.

रोदिओनने मोज्याकडे पाहिलं. तिखोनने बंदुकीकडे पाहिलं. अस्वल दोघांकडे बघत होतं. मग त्याने यानाच्या जळक्या अंगाचा एकदा वास घेतला, जोरात शिंकलं, आणि ह्यात काही खाण्यासारखं नाही असं ठरवून आल्या वाटेने निघून गेलं. सरकारने ज्याच्यासाठी एवढी बंदूक केली, ते पाठ दाखवून गेलं आणि बंदूक अजून रिकामीच होती.



"काडतुसं कधी काढलीत?" रोदिओनने विचारलं.

"तू ओरडलास त्याच आठवड्यात." 'तू' कधी तोंडातून गेलं ते तिखोनला कळलंच नाही.

"मी त्याच्या पुढच्या आठवड्यात बंदूक काढली, घाईत, काडतुसांकडे बघितलंच नाही. तू पट्ट्यावर धावत होतास. तेव्हापासून तिला झोपायच्या पिशवीत घेऊन झोपलो."

"मला वाटलं, तू मला मारशील," तिखोन म्हणाला.  "खरं सांगतो रोद्या, पाचावर धारण बसली होती माझी. तू असा बघायचास माझ्याकडे! आणि तू का काढलीस? मी तुला मारीन म्हणून?"

"नाही," रोदिओन म्हणाला.

"मग?"

"तू शीळ बंद केलीस. नंतर जेवण कमी केलंस. खिडकीशी बसून राहायला लागलास. मला वाटलं, तुला कळलंय. वाटलं, हा स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल."

"काय कळलंय?"

 रोदिओनने मोज्यातून लाल पट्टीचं काडतूस निवडलं, वरच्या नळीत भरलं आणि बंदूक मिटली. तिखोनला वाटलं, विषय बदलायचाय याला. बरंच झालं. त्यालाही विषय बदलायचाच होता. दोन महिने जे विचारता आलं नव्हतं, ते आता नाही तर कधीच नाही. उद्या हा सेनापतींच्या गराड्यात असणार.

"ऐक रोद्या. एक मागायचंय. आधीच मागणार होतो, पण तू 'आपण, आपण' सुरू केलंस. ही बंदूक तुला देतील. मला एक दिवस दे. म्हाताऱ्याला हातात धरायचीय. जन्मभर तिथे घासत बसला आणि ह्यांनी त्याला दाखवली नाही. एक दिवस फक्त. दुपारच्या गाडीने नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. तो काहीतरी खोड काढणार, ते सोड. पण हातात धरून खोड काढू दे त्याला."

रोदिओनने बंदूक त्याच्या हातात दिली.

"घे. तुझीच आहे," तो म्हणाला.

"एक दिवस म्हणतोय मी."

"तिशा." रोदिओन समोरच्या झाडाकडे बघत होता. "ऐक. मला सक्त ताकीद होती. उतरल्याशिवाय सांगायचं नाही, आणि सांगायचं ते डॉक्टर सांगतील. मी म्हटलं, तो माझा मित्र आहे, मी सांगतो. नाही म्हणाले. वरती माणूस हातातून जातो म्हणाले. कागदावर सही घेऊन ठेवली होती माझी, उड्डाणाच्या आधीच. सगळ्यांची घेतात. तुझीही घेतली होती."

घेतली होती. तिखोनला आठवलं. घरची वाईट बातमी वर असेपर्यंत सोबत्याला सांगणार नाही. तेव्हा सही करताना दोघं हसले होते, रोद्याच्या सासूवरून काहीतरी विनोद झाला होता.

"कोण?" त्याने विचारलं, जरी विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाबा गेले तुझे. जानेवारीत. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. खालून मला सांगितलं आणि मी वळलो तर तू त्यांचीच शीळ घालत होतास. त्यांचीच! मला सहन झालं नाही रे. ओरडलो. आणि मग वाटलं, तुझ्याशी नीट बोलायला लागलो तर तोंडातून जाईल. म्हणून ते 'आपण, आपण'."

 तिखोनला बर्फात हात टेकायचा होता. हात रिकामा करावा म्हणून त्याने बंदूक समोर हवेत ठेवली, अलगद, वरती ठेवायचे तशी, आणि बोटं काढून घेतली. ती थेट बर्फात गेली. तिथे नुसतं भोक उरलं. जिथे ती राहायला हवी होती त्या जागेकडे तो बघत बसला.

लांबवर पंख्याचा आवाज आला.

रोदिओन पोटावर आडवा झाला, त्या दुखऱ्या बरगडीसकट, आणि कोपरापर्यंत बर्फात हात घालून शोधू लागला. त्याने बंदूक वर काढली. तिन्ही नळ्यांत बर्फ. काडतूस काढून घेतलं, नळ्यांत फुंकर मारली, गळपट्टीचं टोक घालून पुसल्या, पुन्हा फुंकर मारली. पंख्याचा आवाज डोक्यावर आला आणि पुढे जाऊ लागला. "थांब रे बाबा, थांब," रोदिओन आकाशाला म्हणाला आणि चाप ओढला. लाल ठिपका फांद्यांतून वर गेला. आवाज वळला.

हेलिकॉप्टरमधून एक तरुण डॉक्टर उतरला. वाटेत त्याने चेहऱ्याची बरीच तयारी केली असावी. तो बर्फ तुडवत आला, तिखोनसमोर बसला, पिशवीतून शामक थेंबांची बाटली काढली आणि म्हणाला, "तिखोन लुकिच, आता आपण एक खोल श्वास घेऊया."

"ठाऊक आहे मला," तिखोन म्हणाला.

डॉक्टरने रोदिओनकडे संशयाने पाहिलं. रोदिओन म्हणाला, "एक खोल श्वास मला द्या. माझी बरगडी मोडलीय."

नंतर तपासणीत कमांडरच्या पोटावर बंदुकीचा काळानिळा ठसा निघाला, नळ्यांसकट. इंजिनिअरच्या पोटरीवर काडतुसांचे गोल वळ निघाले. डॉक्टरांनी कारण विचारलं. दोघं म्हणाले, उतरणं जरा जड गेलं. मानसतज्ज्ञांनी पुन्हा एकदा लिहिलं की संघाचं एकमत वाखाणण्याजोगं आहे. समारंभ झाला, टाळ्या झाल्या, बंदूक कमांडरला मिळाली आणि इंजिनिअरशी हस्तांदोलन झालं.

पाय सावरल्यावर दोघं तुला शहरात गेले. बंदूक रोदिओनने टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. आधी कब्रस्तानात गेले आणि तिथून घरी. शेजारच्या झिनाईदाबाईंकडे किल्ली होती. त्यांनी टेबलावर म्हाताऱ्याचा फोटो मांडून ठेवला होता, पुढे, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा, वोडकाचा पेला आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा. पाव पार वाळून गेला होता. रोदिओनने टॉवेल सोडला आणि बंदूक पेल्याशेजारी ठेवली, दोन्ही हातांनी, नीट खाली टेकेपर्यंत सोडली नाही.

"अगं बाई, तीन नळ्या?" झिनाईदाबाई म्हणाल्या. "तीन कशाला?"

तिखोन हसला आणि मग त्याला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. रोदिओन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि झिनाईदाबाईंनी ताजा पाव कापायला घेतला.

"त्या कबुतरांचं काय ते बघ बाबा आता," त्या पाव कापता कापता म्हणाल्या. "लुका गेल्यापासून छपरावर बसून आहेत. मी बार्ली टाकते, हाका मारते, माझा घसा बसला. उतरत नाहीत मेली. मी आत आले की मग खातात चोरासारखी."

तिघं अंगणात गेले. छपराच्या कडेला कबुतरं रांगेने बसली होती, माना आखडून. तिखोनने ओठ जुळवले. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग शीळ आली. ओळ वर चढली आणि मध्येच तुटली, नेहमीसारखी.

"पुढचं काय आहे त्याच्या?" रोदिओनने विचारलं. "चार महिने ऐकलं आणि दोन महिने आठवत राहिलो. वेड लागायची पाळी आली माझ्यावर. एकदा पुरं करून दाखव."

"पुढे नाही काही," तिखोन म्हणाला. "बाबांनी कधी घातलीच नाही. इथवर येईपर्यंत ती उतरायची."

रोदिओनने खाली पाहिलं. त्याच्या बुटांभोवती कबुतरं बार्ली टिपत होती.